दुर्खीमचं अर्धं पुस्तक

परवा एस.वाय.ला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम घेतला. पुस्तक समाजातल्या श्रमविभागणीवरचं, १८९३ चं. कामं वाटली गेली की माणसं एकमेकांवर अवलंबून राहतात आणि त्यातून समाज बांधला जातो. त्याला सेंद्रिय ऐक्य म्हणायचं. गेली अठरा वर्षं फळ्यावर हीच आकृती काढतेय. मानखुर्दहून येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझे पप्पा पालिकेत सफाईला आहेत. आजोबाही तिथेच होते. ही कामाची वाटणी की माणसांची?"

मी गप्प. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये नेमकं हेच लिहिलंय की जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे. तिनं ते घरी ऐकलेलं, माझ्या नोट्समध्ये मात्र ते नाही.

रात्री पुस्तक पुन्हा काढलं. शेवटच्या भागात 'लादलेली श्रमविभागणी' असं प्रकरणच आहे. काम कुवतीप्रमाणे न मिळता जन्मावर ठरलं, तर ऐक्य राहत नाही, कलह येतो, असं खुद्द दुर्खीमच सांगतो. आमच्या गाइडमध्ये नेमकं तेवढंच गाळलेलं, आणि मीही ते कधी वाचायला सांगितलं नाही. सोपा अर्धा भाग शिकवून मोकळी.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. त्याच्या तीन वर्षं आधी, ९ मे १९१६ ला, एल्फिन्स्टनचा एक पदवीधर, म्हणजे बाबासाहेबच, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचून मोकळा झाला होता: जात म्हणजे दार बंद केलेला वर्ग, काहींनी स्वतःचं दार लावून घेतलं, इतरांना ते बंद सापडलं. आमच्याकडे तो निबंध 'अवांतर वाचन'. समाजशास्त्राचा जनक म्हणवला जाणारा कॉम्त मात्र पहिल्याच धड्यात.

कॉलेजात समावेशनाचा फ्लेक्स झळकतोय, हसऱ्या चेहऱ्यांचा. त्याच आठवड्यात ऑफिसचे शिपाईकाका माझ्या तासाला यादी घेऊन आले. "फ्रीशिपवाले उभे राहा!" फीमाफी मिळणारे सात जण उभे. जातीच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स चौघडी करून मुठीत. बाकीचा वर्ग वळून बघतोय. क्लार्कना म्हटलं, मेसेज पाठवा ना एकेकाला. "मॅडम, पहिल्यापासूनची पद्धत आहे."

दुसऱ्या तासाला लादलेली श्रमविभागणी शिकवली. "परीक्षेला येईल का?" मी नाही म्हटलं, तशी निम्म्या वर्गानं पेनं ठेवली. मानखुर्दच्या मुलीनंही.