सहा आठवडे बरगड्यांवर: साताऱ्यात बांधलेली सांगाडा-कायाक

साताऱ्यात समुद्री कायाक, म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली लांब, अरुंद वल्ह्याची नाव, बांधतोय म्हटलं की लोक पहिल्यांदा पाण्याचं विचारतात. पाण्याची ददात नाही, बामणोलीला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. ददात आहे ती वाकणाऱ्या लाकडाची. काठाच्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, खाचा, सगळं दोन शनिवार-रविवारांत उरकलं. मग सहा आठवडे बरगड्यांवर, म्हणजे एका काठापासून तळाखालून दुसऱ्या काठाच्या खाचेत जाणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्यांवर, अडकलो आणि त्याचा राग अजून आहे.

'सागवान आहे, वाफेवर वाकेल की!' असं म्हणून एका वखारीत मला ७ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून दिल्या. अकरापैकी नऊ मोडल्या. भट्टीत सुकवलेलं लाकूड पुन्हा भिजवलं तरी ओल्या लाकडासारखं वाकत नाही. मी चार दिवस हौदात ठेवून पाहिलं, तडा तसाच. शिवाय करवतीखाली रेषा तिरकी कापली गेली, तर वाकवताना चीर त्याच रेषेनं बाहेर पडते. बरगडीचं लाकूड कापू नका, फोडा. फोडलेली पट्टी आपल्या रेषेनंच फाटते.

शेवटी ताजा तोडलेला बांबू आणला. बाहेरची हिरवी साल शाबूत ठेवायची, आतला मऊ भाग तासायचा. वाकवताना साल बाहेरच्या अंगाला, कारण ताण तिथेच बसतो. तरी पहिल्या चार गाठीजवळ मोडल्या. आतला उंचवटा राहिला होता आणि शेजारी पट्टी पातळ झाली होती. सगळा बाक त्या पातळ जागी गोळा होतो. मग प्रत्येक पट्टी अंगठा आणि तर्जनीत धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवली. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटाला कळतो. जाड लागेल तिथे दोन हात रंधा, पुन्हा सरकवायची. त्यानंतर २७ बरगड्यांत दोनच गेल्या.

वाफेसाठी प्लायवुडची पेटी आणि शिट्टी काढलेला कुकर. पेटीचं दुसरं टोक घट्ट बंद करायचं नाही. पंधरा मिनिटं वाफ, बाहेर काढल्यावर पंधरा-वीस सेकंदांत वाकवून खाचेत. शोधाशोध केली की गेली. वाळल्यावर टाकणखार आणि बोरिक पावडरचं पाणी द्या, नाहीतर भुंगा पोखरतो.

बरगड्यांचा एवढा हट्ट का, तर नावेचा तळ त्याच ठरवतात. मधल्या बरगड्या २ सेंटीमीटरनं लांब घेतल्या तर तळ सुमारे १ सेंटीमीटर खाली जातो. गुडघ्याला जागा होते, पण काठ उंच राहून वारा जास्त धरतो. तळ सपाट केला तर शांत पाण्यात निवांत बसता येतं, पण लाट तिरकी आली की नावही लाटेबरोबर तिरकी होते. इंग्रजी व्हीसारखा केला तर सरळ धावते, वळायला कुरकुरते. मी ५.१ मीटरला ५४ सेंटीमीटर रुंदी धरून तळ किंचित व्ही ठेवला. सुरुवातीला डुगडुगते, पण एका कुशीवर झुकवली की तिथे धरून राहते, आणि उलटल्यावर पुन्हा फिरवून सरळ करणं सोपं जातं. नवख्यानं रुंदी ५८ सेंटीमीटर घ्यावी.

आधी सांगायचं राहिलं: काठासाठी ५ मीटरची सलग, बिनगाठीची पट्टी मिळाली नाही तर १:८ उताराचा सांधा करा (दोन्ही टोकं तिरकी, जाडीच्या आठपट लांबीत उतरती कापून एकमेकांवर चिकटवायची), पण बसायच्या जागेपासून दूर, आणि दोन्ही काठांचे सांधे समोरासमोर नकोत.

सांगाड्यावर ताणायचं कापड नायलॉनचं घेतलं. दमट हवेत ते सैल पडतं, पॉलिएस्टर पडत नाही. पण पाणी उतरलं की काठाला खडक उघडे होतात आणि घासणं नायलॉन जास्त सोसतं. कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप (दोन भाग मिसळून लावायचा) पावसाळ्यात लावू नका. हवेतल्या ओलीनं बुडबुडे येतात आणि थर खरवडून काढावा लागतो.

या नावेत हवा धरून तरंगत ठेवणारे बंद कप्पे नसतात. दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या बांधल्याशिवाय आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय काठावरून ढकलूसुद्धा नका. दुपारनंतर शिवसागरावर वारा उठला तर नाक वाऱ्याकडे वळतं; माझी बैठक ३ सेंटीमीटर मागे सरकवल्यावर ते कमी झालं.