काकूंचा प्रश्न

"मगर अंडी कुठे घालते?" बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या सफाईवरच्या आजच्या बैठकीत शेजारच्या काकूंनी विचारलं. सगळे नकाशाकडेच बघत राहिले.

सयाजीबागेजवळ राहणाऱ्या काकूंनी मग स्वतःच सांगितलं. काठाच्या मातीत खड्डा करून, पाण्यापासून जरा वर, उन्हाळ्यात. पिल्लं निघतात ती पावसाच्या तोंडावर. गाळ काढायची यंत्रंही नेमकी त्याच दिवसांत काठ खरवडतात!

घाण निघायलाच हवी, सांडपाणी तर आधी थांबवा. २०२४ चा पूर कोण विसरेल? पण मगरीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ही नदी तिचं घर आहे.

सल्लागार म्हणून काठावरच्या माणसांना बोलावता, मग यंत्र उतरवण्याआधी त्यांच्यासोबत एकदा काठ चालून बघायला काय हरकत आहे?