तुम्ही विचारलंत म्हणून: नेमक्या कुणाच्या बाजूच्या?

रशियन लेखक टॉल्स्टॉय आणि त्याची बायको सोफिया यांच्या संसारावरची माझी कादंबरी आल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. वाचनालयातला कार्यक्रम असो, कुणाकडचं हळदीकुंकू असो, एकदा तर दवाखान्यातल्या रांगेतसुद्धा. "तुम्ही कुणाच्या बाजूच्या? टॉल्स्टॉयच्या की बायकोच्या?"

मागच्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांनी विचारता विचारता निकालही लावून टाकला. "अहो बाई, ऋषितुल्य माणूस. ब्याऐंशीव्या वर्षी रात्रीच्या अंधारात घर सोडावं लागलं त्याला. केवढा जाच असेल!" त्याच कार्यक्रमात चहाच्या वेळी एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही त्याला फार सहज सोडलंत." दोघांनी एकच पुस्तक वाचलं होतं.

तर सांगते. मी बाजू घेऊनच लिहायला बसले होते. तिची.

सोफिया बेर्स, मॉस्कोतल्या डॉक्टरची मुलगी. 1862च्या सप्टेंबरात लग्न झालं तेव्हा ती 18 वर्षांची, तो 34चा. लग्नाच्या तोंडावर त्यानं आपल्या जुन्या डायऱ्या तिच्या हातात ठेवल्या. त्यात जुगार, बायका, सगळं होतं. आपण प्रामाणिकपणा करतोय असं त्याला वाटत होतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी तिला त्यातली एक वही शेगडीत टाकायला लावलं होतं. प्रसंग झकास उतरला होता. पण आपण रडलो आणि वह्या परत केल्या, असं तिनं स्वतःच लिहून ठेवलंय. ते माहीत असून वही जाळायची, म्हणजे तिची बाजू घेतो म्हणत तिच्याच तोंडावर हात ठेवायचा. प्रसंग काढून टाकला. दोन नोंदींच्या मध्ये जी मोकळी जागा असते तेवढीच आपली, नोंद आपली नाही. (पेशवाईवर लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना हे मुळीच पटत नाही.)

इथं तर मोकळी जागाही कमी. दोघं डायऱ्या लिहायचे, वर एकमेकांच्या वाचायचे. मी रशियन शिकले नाही, इंग्रजीवरून वाचलं. तरी वर्षभर माझं टेबल दिसत नव्हतं. आणि एवढ्या भांडणांत मला धरून ठेवलं ते मात्र तिनं त्याच्या लिखाणाची नक्कल उतरवण्यानं.

त्याच्या 'वॉर अँड पीस' या कादंबरीचं काम 1863 ते 1869 चाललं. त्याच काळात तिची पहिली चार मुलं झाली. त्याचं अक्षर भयंकर. ओळींच्या मध्ये ओळी, समासात भर, बाण. तिची नजर अधू. संध्याकाळी पोरं झोपली की ती कागदावर वाकून बसायची. सगळी कादंबरी तिनं सात वेळा उतरवली, हे वाक्य जिथं तिथं छापलेलं सापडतं. मला तो आकडा भाबडा वाटतो. काही भाग पुन्हा पुन्हा, काही कमी, असंच ते काम चालतं. हे मी अनुभवानं म्हणतेय. एकदा ओटा आवरल्यावर माझ्याच एका खोडाखोड झालेल्या प्रकरणाची हातानं नक्कल करायला बसले. बारा पानांना चार रात्री लागल्या. मान धरली, मधल्या बोटाला घट्टा पडला. आणि तिसऱ्या पानापासून एक गंमत व्हायला लागली. हात शब्दापाशी अडायचा, हा शब्द इथं कशाला? दोन ठिकाणी तर मी नकळत बदल केले होते. एवढं उतरवणारी बाई नुसती लेखनिक राहिली असेल यावर माझा त्या दिवसापासून विश्वास नाही.

पुढचा भांडणाचा भाग बराचसा हिशेबाचा आहे. मालमत्ता म्हणजे पाप, असं त्याला वाटू लागलं. 1883मध्ये त्यानं कारभाराचं मुखत्यारपत्र तिच्या नावे केलं. ती 1885मध्ये पीटर्सबर्गला जाऊन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीच्या विधवेला, आन्नाला, भेटली, पुस्तकं स्वतः कशी छापायची ते विचारून आली आणि नवऱ्याची पुस्तकं काढू लागली. 1891मध्ये त्यानं वर्तमानपत्रांतून जाहीर केलं की 1881 नंतरचं माझं लिखाण कुणीही फुकट छापावं. तिची 13 बाळंतपणं झाली होती. हयात मुलांची शिक्षणं, नोकरचाकर, वाडा, सगळं तिच्या वहीत. घरात आलेलं वाटून टाकणारा नवरा आणि चूल सांभाळणारी बायको आपल्याला नवी नाही. रेव्हरंड टिळकांच्या घरी दुसरं काय होतं? पण त्यांच्यावर कादंबरी लिहायची माझी छाती नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सगळं स्वतःच सांगितलंय, तेही हसत हसत.

सोफियाला हसणं जमलं नाही. टॉल्स्टॉयच्या 'क्रॉयत्झर सोनाटा' या कथेत मत्सरानं पेटलेला नवरा बायकोचा खून करतो आणि लग्न या गोष्टीलाच शिव्या घालतो. लोक तिच्याकडे बघू लागले. सरकारनं कथेवर बंदी घातली, तेव्हा हीच बाई 1891मध्ये झार तिसऱ्या अलेक्झांडरला भेटली आणि समग्र साहित्याच्या खंडात ती छापायची परवानगी घेऊन आली. शिवाय त्या कथेला उत्तर म्हणून स्वतः एक लघुकादंबरी लिहिली, दोष कुणाचा हेच विचारणारी. ती छापली गेली 1994मध्ये, ती वारल्यावर 75 वर्षांनी.

शेवटचं वर्ष मी झाकलेलं नाही. 1910च्या जुलैत त्यानं जंगलात, झाडाच्या बुंध्यावर बसून गुपचूप मृत्युपत्र केलं. हक्क धाकट्या मुलीच्या नावे, चावी मात्र चेर्टकोव्ह या शिष्याकडे. सोफियाला वास लागला होता. ती पाळत ठेवायची, कागद धुंडाळायची, जीव देईन म्हणायची. त्या दिवसांत तिच्यासोबत मी तरी राहिले नसते. घर सोडून निघाल्यावर वाटेत अस्तापोवो या रेल्वे स्टेशनात तो मरणाला टेकला तेव्हा तिला बाहेर ठेवलं. ती खिडकीतून आत बघत होती. त्याची शुद्ध गेल्यावर तिला आत सोडलं.

मास्तरांचं म्हणणं, कादंबरी त्या खिडकीपाशी संपायला हवी होती. तसं केलं असतं तर बाजू आपोआप ठरली असती. खिडकीबाहेरच्या बाईसाठी कुणाचं काळीज हलणार नाही? म्हणून मी मागे गेले, तो 'अ‍ॅना कॅरेनिना' ही कादंबरी लिहीत होता त्या दिवसांत. मुलगा इल्यानं लिहून ठेवलेली आठवण आहे: आईनं रात्रभर बसून दुरुस्त्यांनी काळी झालेली प्रुफं नव्यानं उतरवलेली असायची. सकाळी बाबा ते कागद शेवटचं बघतो म्हणून उचलून न्यायचे. संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं काळं. माफ कर गं, तुझं काम पुन्हा बिघडवलं, आता मात्र नाही, उद्या नक्की पाठवू.

तो उद्या कधी कधी आठवडेच्या आठवडे लांबायचा. त्या मधल्या एका संध्याकाळी मी थांबले. दोघं टेबलापाशी, आणि एक शब्द तिला लागत नाहीये, म्हणून त्याला हाक मारते. तो येतो, कागद हातात घेतो. त्यालाही तो लागत नाही.