मॉनिटरवरचा कंसातला आकडा

बाबांच्या मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. तोपर्यंत रक्तदाब म्हणजे वरचा आणि खालचा असे दोन आकडे, एवढेच मला ठाऊक होते. तिथल्या मॉनिटरवर मात्र त्या दोन आकड्यांच्या शेजारी कंसात तिसरा आकडा होता, आणि डॉक्टर असोत वा सिस्टर, खाटेजवळ आल्यावर सगळ्यांची नजर आधी त्या कंसाकडे जायची. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला सांगत होत्या, ‘मीन पासष्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, गेला तर नॉरअॅड वाढवायचं.’ नॉरअॅड म्हणजे नॉरअॅड्रेनालिन, रक्तदाब वर ठेवणारे औषध.

मीन म्हणजे सरासरी, हे कळत होते. त्या वेळी पडद्यावर १०४/५० आणि कंसात ६८ असे दिसत होते. मी मनातल्या मनात दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मे केले, तर उत्तर ७७ आले. नऊचा फरक कुठून आला हे समजेना, आणि ज्या आकड्यावर बाबांचे औषध ठरते तो आपल्याला समजत नाही याचा त्रास होऊ लागला. दुपारी डॉक्टर भेटायला आल्या तेव्हा मी सरळ विचारले.

त्यांनी मला मॉनिटरवरची लाल लाट नीट बघायला सांगितली. मनगटाच्या धमनीत घातलेल्या बारीक नळीतून प्रत्येक ठोक्याचा दाब तिथे उमटत होता. लाट झपकन वर चढायची, टोकाला क्षणभरच टिकायची, उतरताना मध्येच एक लहानशी खाच घ्यायची आणि मग बराच वेळ सावकाश खाली घसरत राहायची. ‘धमनी वरच्या दाबाजवळ थोडा वेळ असते आणि खालच्या दाबाजवळ जास्त वेळ, मग दोघांना सारखा मान कसा द्यायचा?’ असे त्या म्हणाल्या. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले सुमारे ०.३ सेकंद हृदय आकुंचन पावलेले असते आणि उरलेले ०.५ सेकंद शिथिल असते. म्हणून ढोबळमानाने वरच्या आकड्याला एक वाटा आणि खालच्याला दोन वाटे धरतात. हिशोब करायचा तो असा, की वरच्यातून खालचा वजा करायचा, बाकीचा तिसरा हिस्सा घ्यायचा आणि तो खालच्या आकड्यात मिळवायचा. १०४ वजा ५० म्हणजे ५४, त्याचा तिसरा हिस्सा १८, आणि ५० अधिक १८ बरोबर ६८. उत्तर जुळले तेव्हा फार दिवसांनी काहीतरी हाताला लागल्यासारखे वाटले.

त्याच रात्री ताप चढला, ठोके मिनिटाला १३० च्या पुढे गेले आणि माझा हिशोब पुन्हा चुकू लागला. ९८/५३ वरून माझे उत्तर ६८ येत होते, मॉनिटर मात्र ७२ दाखवत होता. याचेही कारण लाटेतच होते, कारण हृदय धावू लागले की शिथिल राहण्याचा काळ सर्वांत जास्त आखडतो, त्यामुळे खालच्या आकड्याचे दोन वाटे उरत नाहीत आणि सूत्राचे उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. मॉनिटर हे सूत्र वापरतच नाही. लाटेखालचे सगळे क्षेत्रफळ मोजून तो सरासरी काढतो, म्हणून अशा वेळी त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

अर्थात दाब मोजणारा भाग चुकीच्या उंचीवर राहिला तर मॉनिटरही चुकतो. एका पहाटे ६६ चा आकडा अचानक ७५ झाला आणि मला इतका आनंद झाला की मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी आकड्याकडे नव्हे, खाटेकडे पाहिले. बाबांना कुशीवर वळवताना खाट अर्ध्या वितीहून थोडी जास्त वर घेतली गेली होती, पण दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर स्टँडवर जुन्याच उंचीला राहिला होता. तो हृदयाच्या पातळीला, म्हणजे छातीच्या कडेला चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या रेषेत असायला हवा. तो १० सेंटीमीटर खाली राहिला तर आकडा पाऱ्याच्या सुमारे साडेसात मिलिमीटरने फुगतो. सिस्टरनी तो वर सरकवला, शून्य करून घेतला, आणि आकडा पुन्हा ६६ वर आला.

६५ हाच आकडा का, हे मला सर्वांत उशिरा कळले, आणि माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांमधून रक्त ढकलले जाते ते या सरासरी दाबाच्या जोरावर. दाब थोडा खालीवर झाला तरी हे अवयव आपल्या रक्तवाहिन्या आवळून किंवा सैल करून पुरवठा सांभाळतात, परंतु एका मर्यादेखाली त्यांचा इलाज चालत नाही. सेप्सिसच्या, म्हणजे बाबांना झाला तशा शरीरभर परिणाम करणाऱ्या जंतुसंसर्गाच्या, उपचारात म्हणूनच सुरुवातीचे लक्ष्य ६५ धरतात. बाबांना मात्र वीस वर्षांपासून उच्च रक्तदाब होता, आणि अशा माणसांमध्ये ही मर्यादाच वर सरकलेली असते. मीन ६६ वर असूनही त्यांच्या लघवीच्या पिशवीत तासाला जेमतेम २० मिलिलिटर जमत होते. ६४ किलो वजनाला किमान ३२ तरी अपेक्षित होते. डॉक्टरांनी लक्ष्य ७५ केले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका चाचणीत, जुना उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांचा मीन ८० ते ८५ ठेवल्यावर डायलिसिसची गरज कमी पडली होती, मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक पडला नव्हता, हेही त्यांनी सांगितले. औषध वाढवल्याने हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, म्हणून त्या फार वर जायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पिशवीवरचा आकडा तासाला ४० झाला. त्यानंतर मी मॉनिटरइतकीच त्या पिशवीकडेही बघू लागले.

पाचव्या दिवशी नॉरअॅड बंद झाले आणि त्याशिवायही मीन ७८ वर टिकला.

घरी आल्यावर मी डिजिटल यंत्राने दाब मोजून वहीत लिहू लागले आणि तिसऱ्या रकान्यात मीन काढू लागले. स्टेथोस्कोपने मोजताना, म्हणजे १९०५ साली कोरोत्कोव्ह यांनी सांगितलेल्या पद्धतीत, वरचा आणि खालचा दाब ऐकू येतो, मीन ऐकू येत नाही. दंडाच्या पट्ट्यातली कंपने टिपणाऱ्या यंत्राचे बरोबर उलटे असते. कंपने सर्वांत मोठी होतात तो दाब म्हणजे मीन, आणि वरचा-खालचा ते त्यावरून हिशोबाने काढते. माझ्या यंत्राच्या पडद्यावर मात्र तो मीनच दिसत नाही.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वही चाळली. एका ओळीत १४८/६४ आणि मीन ९२ होता, आणि ९२ बघून मी निश्चिंत होते. त्यांनी १४८ आणि ६४ यांच्यामधल्या अंतराखाली रेघ मारली. ‘११०/८० चा मीन ९० येतो आणि १५०/६० चाही ९०च येतो, पण दुसऱ्या माणसाच्या धमन्या ताठर झालेल्या असू शकतात. गोळ्या ठरवताना मी हे दोन आकडेच बघणार,’ असे म्हणून त्यांनी एका गोळीची मात्रा बदलली. त्या दिवसापासून वहीत चौथा रकाना आहे, आणि पहिल्याच ओळीत त्यात ८४ लिहिले आहे.