न्युरेंबर्गचा ख्रिसमस बाजार: तारखा, मग आणि मोजे

जर्मनीतले बहुतेक ख्रिसमस बाजार नाताळच्या आधीच आटोपतात. न्युरेंबर्गचा क्रिस्टकिंडलेसमार्क्ट पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या (म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्याच्या) आदल्या शुक्रवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला मिटतो. २६ तारखेला पोचलात तर हाती काहीच लागत नाही. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळाच, गर्दीत दुकानं दिसतच नाहीत. मधल्या वारी दुपारी तीनला पोचा: उजेडात खरेदी होते आणि साडेचारच्या सुमारास अंधार पडला की दिवेही बघायला मिळतात.

ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाल्याची गरम वाइन, मगात मिळते आणि मगाची अनामत आधीच घेतात. तो मग परत केला की पैसे परत. आवडला तर ठेवून घ्या. भांड्यातली वाइन खळखळ उकळत असेल तर पुढच्या दुकानात जा, कारण उकळल्यावर अल्कोहोल आणि वास दोन्ही उडतात. लेबकुखन, म्हणजे मसाल्याचा जर्मन केक-बिस्किटासारखा गोड पदार्थ, घेताना 'एलिझेन' लिहिलेलंच घ्या. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के, म्हणून ते मऊ राहतं.

थंडी पायातून चढते. जाड तळव्याचे, किंचित सैल बूट आणि लोकरीचे मोजे घाला. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले तर रक्तप्रवाह अडून बोटं आणखी गारठतात. सुटे युरो खिशात हवेतच.