चढायला आणि घसरायला एकच बूट
साताऱ्यात अजिंक्यतारा मी साध्या बुटांत चढते, पण बर्फाचं गणित वेगळं. मला स्की टूरिंगचा बूट घ्यायचाय, म्हणजे ज्यात स्की लावून डोंगर चढायचा आणि मग घसरत उतरायचं. गुलमर्गला भाड्याच्या स्की बुटात टाच सारखी उचलली जायची. संध्याकाळी मोजा काढला तर कातडी सोलवटलेली. म्हणून आता आतला मऊ बूट बाहेर काढून नुसत्या बाहेरच्या कडक कवचात पाय घालून बघते. बोटं पुढे टेकली की टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. माझं माप 24.5, म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. मग घोटा जखडून ठेवणारी मागची कळ उघडून घोटा पुढे-मागे किती वाकतो ते पाहते. चढणीचा सगळा जीव तिथंच आहे! क्रॅम्पॉनसाठी, म्हणजे बर्फावर पकड यावी म्हणून बुटाखाली लावायच्या खिळ्यांच्या सांगाड्यासाठी, पुढे-मागे खाचा आणि रबरी तळ हवाच. अगदी हलका बूट मात्र उतारावर स्कीला नीट धरत नाही. तो मी घेणार नाही.