तुम्ही विचारलंत म्हणून: टायमिंग चेन घरी बदलता येते का?

थंडी पडली की हा प्रश्न हमखास येतो. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे पहाटे कडाका असतो, रात्रभर उघड्यावर थंडावलेली गाडी किक मारल्यावर डाव्या बाजूने खडखडते, आणि कोणीतरी विचारतं: टायमिंग चेन गेली म्हणतात, घरी बदलता येईल का? ही इंजिनाच्या आतली साखळी. पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावरून (क्रँक) ती वाल्व उघडणारा दांडा (कॅम) फिरवते.

येईल. पण आधी चेनच गेली आहे याची खात्री करा, आणि मॅग्नेट (डाव्या कव्हरमागचं, क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) ओढून काढायचा पुलर हातात असल्याशिवाय इंजिन खोलायला घेऊ नका.

मी लिहितोय ते ९७.२ सीसीच्या आडव्या सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाबद्दल. हिरो होंडाच्या १९८५च्या सीडी १०० पासून १९९४च्या स्प्लेंडरपर्यंत आणि पुढेही हेच घराणं चाललं. मार्केट यार्डात पहाटे भाजीची क्रेट घेऊन येणाऱ्या आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्या गाड्यांत ते आजही भरपूर दिसतं. उभ्या सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) सिलिंडरच्या मागे वेगळा बसवलेला असतो आणि त्याची उघडझाप निराळी. चारचाकीची चेन मात्र घरी उघडू नका. तिथे इंजिन लॉक करायची खास हत्यारं लागतात, आणि चूक झाली तर बऱ्याच इंजिनांत वाल्व वाकू शकतात.

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश घासतं. या चेनचा पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. समजा चेनमध्ये ८४ कड्या आहेत आणि प्रत्येक जागी केसाहून बारीक, ०.०२ मिलिमीटर झीज झाली, तरी पूर्ण चेन १.६८ मिलिमीटरने लांबते. वाढलेली लांबी टेन्शनर ओढून घेतो. त्याची हद्द संपली की चेन ज्या बोगद्यातून जाते त्याच्या भिंतीला लागते, आणि तो खडखडाट तुम्हाला ऐकू येतो.

आवाज कुठला, हे आधी ओळखा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा, हात फिरत्या भागांपासून दूर ठेवा. टॅपेटचा (वाल्व दाबणाऱ्या भागाचा) आवाज हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या भागाच्या, वरखाली, एकसारखा टकटक, क्रँकच्या निम्म्या वेगाने. कनेक्टिंग रॉडचा आवाज जड, ठोक्यासारखा, चढावर ओझं असताना वाढणारा. वणीचा घाट चढताना ढकढक होत असेल तर चेन बदलून काही फरक पडणार नाही. टायमिंग चेनचा आवाज डाव्या अंगाला, ब्लॉकच्या बाजूने येतो, साखळी पत्र्यावर घासल्यासारखा. थंड इंजिनात तो जास्त असतो आणि थ्रॉटल सोडताना पुन्हा डोकं वर काढतो.

इथेच बहुतेक लोक घाई करतात. या इंजिनातला टेन्शनर स्प्रिंगच्या जोडीला ऑइलवर चालतो. इंजिनाच्या तळाशी, डाव्या बाजूच्या बोल्टमागे स्प्रिंग आणि पुशरॉड असतो. तो रोलरवाल्या हाताला ढकलतो आणि हात चेनला दाबून धरतो. ऑइल कमी किंवा पाण्यासारखं पातळ झालं, पुशरॉडच्या टोकाचं रबर चेपलं, स्प्रिंग बसली, की नवी चेनसुद्धा वाजते. म्हणून आधी ऑइलची काडी पाहा, ऑइल बदला, तो बोल्ट उघडून पुशरॉड आणि स्प्रिंग तपासा. कितीतरी गाड्यांचं दुखणं इथेच संपतं, आणि दोन दिवसांचं काम अर्ध्या तासावर येतं. हा बोल्ट ऑइल सोडायच्या बोल्टजवळच असल्याने ऑइल बदलताना अनेकदा चुकून हाच उघडला जातो, स्प्रिंग खाली पडते आणि घाईत उलटसुलट बसते. तसं झालं नाही ना, हेही पाहून घ्या.

चेन खरंच लांबली का, ते हेडच्या डाव्या अंगाचं गोल झाकण काढून कळतं. टेन्शनर जागेवर ठेवून मॅग्नेट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा आणि त्यावरची इंग्रजी ‘टी’ची खूण केसिंगच्या खुणेसमोर आणा. त्या वेळी कॅमच्या दातीवरची (दातेरी चाकावरची) गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर यायला हवी. ती स्पष्टपणे मागे रेंगाळत असेल, अर्ध्या दाताएवढी, तर चेन बदला.

सामान: चेन एकटी आणू नका. टेन्शनरचा रोलर, सिलिंडरमधला गाइड रोलर, पुशरॉड, स्प्रिंग आणि कॅमची दाती असा पूर्ण संच घ्या. जुन्या दातीचे दात वाकडे, मांजराच्या नखासारखे झाले असतील तर नवी चेन त्यावर लवकर झिजते. कडक झालेला रबरी रोलर तुटून त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात, आणि मग हेडला ऑइल कमी पडतं. याखेरीज मॅग्नेटमागच्या कॉइल प्लेटची ओ-रिंग आणि ऑइल सील, गोल झाकणाचं पॅकिंग, टेन्शनर बोल्टचं वॉशर आणि १० डब्ल्यू ३० दर्जाचं चार-स्ट्रोकचं ऑइल. दुकानात जुन्या चेनच्या कड्या मोजून नव्याशी जुळवा. सुट्या पिशवीतली, नाव नसलेली चेन स्वस्त मिळते, पण तिच्यासाठी इंजिन पुन्हा उघडावं लागलं तर ती महागच पडली.

हत्यारांत आपल्या मॉडेलचाच मॅग्नेट पुलर, मॅग्नेट धरायचा पट्टा, प्लेटच्या स्क्रूसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर, ठरल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना, फट मोजायचं फीलर गेज आणि हातभर बारीक तार. हातोडा मात्र दूर ठेवा. मॅग्नेटवर ठोकलं तर आतली चुंबकं सुटतात आणि क्रँकच्या टोकाचे आटे जातात.

गाडी थंड असू द्या, मेन स्टँडवर लावा, डावी बाजू धुऊन पुसून घ्या, बॅटरीची ऋण वायर काढा, ऑइल सोडा. गिअरचा पाय आणि डावं कव्हर काढा. प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरतं. टॅपेटची दोन्ही झाकणं उघडा. ‘टी’ खूण जुळवा आणि दोन्ही टॅपेट किंचित हलतात का पाहा. हलत नसतील तर पिस्टन एक्झॉस्टच्या शेवटावर आहे. आणखी एक पूर्ण फेरा द्या. ही जागा नीट लक्षात ठेवा, कारण याच जागी परत यायचं आहे.

कॅमच्या दातीचे बोल्ट मॅग्नेट जागेवर असतानाच सैल करा, नंतर क्रँक धरायला काही राहत नाही. खालच्या बोगद्याच्या तोंडावर चिंधी दाबायला विसरू नका. आत पडलेला एक बोल्ट चुंबकाने निघाला तर ठीक, नाहीतर अख्खं इंजिन खोलावं लागतं. आता टेन्शनरचा बोल्ट, स्प्रिंग आणि पुशरॉड काढा, दाती मोकळी करा, चेनला तार बांधून तारेचं टोक बाहेर ठेवा. मग मॅग्नेटचा नट, पुलर आणि मॅग्नेट. क्रँकवरची अर्धचंद्राकृती चावी वाटीत ठेवा. मॅग्नेटच्या आत चिकटून ती हरवते. कॉइल प्लेट आणि केसिंगवर एक बारीक आडवी रेघ ओढा, स्क्रू काढा आणि प्लेट वायरसकट बाजूला टांगा. टेन्शनरचा हात आणि सिलिंडरच्या डाव्या अंगाचा गाइड रोलरचा बोल्ट काढला की चेन बाहेर येते.

जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगा. फरक डोळ्यांनी दिसतो. क्रँकवरच्या छोट्या दातीकडे दिव्याच्या उजेडात नीट बघा. तिचे दात गेले असतील तर काम इथेच थांबवा. तो क्रँकचा प्रश्न आहे, तो घरी सुटत नाही.

नवी चेन तासभर ऑइलमध्ये बुडवून ठेवा, मग तारेने बोगद्यातून वर घ्या आणि क्रँकच्या दातीवर चढवा. इथून पुढे चेनला सतत वरून हलका ताण द्या. सैल सोडलेली चेन क्रँकच्या दातीखाली गोळा होते, आणि त्यावर मॅग्नेट फिरवलं तर केसिंग फुटू शकतं. टेन्शनरचा हात आणि दोन्ही रोलर बसवा. नवी ओ-रिंग आणि सील लावून प्लेट रेघेवर बसवा. क्रँकचं निमुळतं टोक पेट्रोलने पुसून कोरडं करा, तिथे ग्रीस नको. चावी, मॅग्नेट, नट.

मॅग्नेट आधी आणि कॅमची दाती नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘टी’ची खूण मॅग्नेटवर असते, त्यामुळे मॅग्नेटशिवाय दाती बसवणं म्हणजे अंदाजपंचे काम. ‘टी’ जुळवा, कॅमच्या दातीवर चेन अशी चढवा की गोल खूण खाचेसमोर येईल, आणि कॅम हाताने जरासा फिरवून बोल्टची भोकं जुळवा. दातीला २८ दात असतील तर एका दाताची चूक कॅमवर सुमारे १३ अंश आणि क्रँकवर जवळजवळ २६ अंश होते. गाडी कदाचित सुरू होईल, पण ओढणार नाही, तापेल. त्याहून जास्त चुकलं तर वाल्व पिस्टनला लागून वाकू शकतो.

टेन्शनरच्या भोकात थोडं ताजं ऑइल सोडा, पुशरॉड, स्प्रिंग आणि नव्या वॉशरचा बोल्ट लावा. हे झाल्याशिवाय किकला पाय लावू नका, सैल चेन एका झटक्यात दात सोडते. मॅग्नेट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि दोन्ही खुणा पुन्हा पाहा. फिरवताना मध्येच कडक अडलं तर जोर लावू नका. मागे घ्या, दाती काढा, पुन्हा जुळवा. सगळं जुळलं की दातीचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. हे छोटे बोल्ट आहेत. मनगटाचा राग त्यांच्यावर काढला की मान तुटते आणि तुकडा कॅममध्ये राहतो.

टॅपेटची फट थंड इंजिनात, मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावा. या इंजिनात ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी असते, ‘बोटाने हलतंय’ एवढ्यावर सोडू नका. ऑइल काडी पाहत भरा. प्लग लावण्याआधी पंधरा-वीस किक माराव्यात, म्हणजे ऑइल वर पोचतं. पहिले काही सेकंद खुळखुळ येईल, टेन्शनर भरला की थांबेल. मिनिटभर चालूनही आवाज तसाच असेल तर बंद करा आणि पुशरॉड परत पाहा. दुसऱ्या दिवशी मॅग्नेटच्या कव्हरमध्ये ऑइल दिसलं तर ओ-रिंग दुमडली आहे किंवा सीलची कड उलटली आहे.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल एकदा बदला. जुनं ऑइल गटारात ओतू नका, आपल्याकडची गटारं शेवटी नासर्डीला आणि गोदावरीलाच मिळतात. डब्यात भरून जवळच्या गॅरेजच्या पिंपात द्या.

आणि यापुढे दर रविवारी काडी पाहा. पाठीमागे चाळीस-पन्नास किलो द्राक्षांची क्रेट बांधून रोज यार्ड गाठणाऱ्या गाडीला मॅन्युअलमधल्या अंतराच्या आतच ऑइल लागतं.